डबा उघडायला तरी वेळ द्या

सरकारी रुग्णालयात परिचारिकेची पाळी अनेकदा चहा-बिस्किटांवरच निघते. घरून पोळी-भाजीचा डबा आणलेला असतो. पण नवा रुग्ण दाखल होतो, कुणाचे सलाईन संपते, रक्तपेढीतून पिशवी मागवायची असते आणि डबा तसाच राहतो. पाळी संपताना कडकडून भूक लागलेली असते; मग फाटकाबाहेरचा वडापाव जवळचा वाटतो. ‘लोकांना पथ्य सांगणाऱ्यांनीच असे खावे का?’ असे विचारणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे.

झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते. त्यात ताणामुळे गोड, तळलेल्या पदार्थांची ओढ वाढते. शरीराच्या आतल्या घड्याळानुसार रात्री साखर हाताळण्याची क्षमताही मंदावते. त्यामुळे दुपारी खाल्लेला भातच रात्री दोन वाजता खाल्ला, तर रक्तातील साखर जास्त चढते. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा मोठा अभ्यास १९७६ पासून सुरू आहे. फिरत्या रात्रपाळ्या जितकी अधिक वर्षे केल्या, तितका टाइप २ मधुमेहाचा धोका अधिक, असे त्यातून २०११ मध्ये समोर आले.

रात्रपाळीला जाण्यापूर्वी मुख्य जेवण घ्यावे, मध्यरात्रीनंतर ताक, फळ किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे एवढेच खावे, पहाटेचा चहा टाळावा म्हणजे घरी गेल्यावर झोप लागते, हा सल्ला योग्यच आहे. पण तो पाळायलाही पंधरा मिनिटे लागतात. अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रात्री अख्खा वॉर्ड एकीवरच असतो. तिने वॉर्ड सोडून जेवायला जायचे कसे?

म्हणून जेवणाची सुटी ड्यूटीच्या तक्त्यातच लिहावी आणि तेवढा वेळ वॉर्ड सांभाळणारी दुसरी परिचारिकाही त्यातच नेमावी. रात्री उपाहारगृहात साधे, गरम अन्न मिळावे. दुपारपाळी संपवून लगेच सकाळी हजर व्हायला लावू नये. रिक्त पदे भरल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही, हे प्रशासनानेही मान्य करावे. इंजेक्शनचा डोस मोजणारी व्यक्ती उपाशी आणि अर्धवट झोपलेली नसावी, यात रुग्णाचेही हित आहे.