थोडे कपडे, आपल्या हातचे

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु कपाट पाहून कपडे घ्यावे, असें आपणांस कोणी सांगत नाहीं. दिवाळी, लग्नकार्य, वाढदिवस, स्नेहसंमेलन अशा निमित्तांनीं घरांत कपडे येत राहतात. कपाटाचें दार लागेनासें होतें. आणि तरीहि बाहेर निघण्याच्या वेळीं ‘घालावयास कांहीं नाहीं’ ही तक्रार असतेच. ह्यावर आम्ही एक उपाय सुचवितों. प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें शाळा सोडण्यापूर्वीं आपल्या कपड्यांचा एक लहान संच आपल्या हातांनीं शिवावा.

संच म्हणजे तीन सदरे किंवा कुडते, दोन विजारी किंवा सलवारी आणि एक बंडी. रंग असे निवडावे कीं, कोणताहि सदरा कोणत्याहि विजारीवर शोभेल. तीन दुणे सहा जोड झाले. बंडी घालून व न घालून मोजले तर बारा. नग मात्र सहाच. पाश्चात्य देशांत ह्यास कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या डोना कॅरन ह्या बाईंनीं सात नगांचा असा संच बाजारांत आणिला व तो फार गाजला. तो विकत घ्यावयाचा होता. आमचा शिवावयाचा आहे. सगळें मर्म ह्या एका फरकांत आहे.

शिवणाचें शिक्षण आपल्या पुणें जिल्ह्यास नवें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं आणि रमाबाई रानडे ह्यांनीं १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनांत तें स्त्रियांस दिलें. त्या काळीं सुई ही निराधार स्त्रीस स्वावलंबनाची वाट होती. आज ती निराळ्या कारणासाठीं मुलामुलींच्या हातीं येणें अवश्य आहे.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढें आकुर्डी, भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरले. आपल्यापैकीं पुष्कळांचे वडील, कित्येकांच्या माताहि, दिवसभर कांहीं तरी घडवितात. एखादा सुटा भाग मापांत बसला नाहीं, तर तो बाजूस काढितात. पण घरीं आल्यावर तेंच कुटुंब नुसतें गिऱ्हाईक बनतें. चार धुण्यांत उसवणारा सदरा आपण निमूटपणें घेतों, कारण चांगली शिवण कशी असते हेंच आपणांस ठाऊक नसतें.

जो स्वतः शिवतो त्यास तें कळतें. नवें सुती कापड आटतें, म्हणून बेतण्यापूर्वीं तें भिजवून वाळवावें लागतें. पहिला बेत महाग कापडावर न करितां मांजरपाटावर करावा लागतो. नीट कॉलर बसविण्यांत पहिल्या खेपेस अख्खी दुपार जाते, आणि पुष्कळदां ती उसवावीहि लागते. अशी एक दुपार ज्यानें घालविली, तो मुलगा पुढें पिंपरी कॅम्पांत, १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनीं भरभराटीस आणिलेल्या त्या बाजारांत गेला, तर सदरा आधीं उलटा करून पाहील. शिवणींत कापड किती सोडलें आहे, काजें पक्कीं आहेत कीं नाहींत, हें तपासील. त्यास फसविणें कठीण.

कोणी म्हणेल, तयार कपडा ह्याहून स्वस्त पडतो. पहिल्या नगापुरतें हें आम्हांस मान्य आहे. परंतु स्वस्ताई कोठून येते, तेंहि पाहावें. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ सावार येथें राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. त्यांत परदेशी दुकानांसाठीं कपडे शिवणाऱ्यांचा, विशेषतः तरुण स्त्रियांचा, भरणा होता. भिंतींस तडे गेलेले आदल्याच दिवशीं दिसले होते. तरीहि त्यांस कामावर बोलाविलें गेलें. आपण जी किंमत देत नाहीं, ती कधीं कधीं दुसरा कोणी देत असतो. ज्यानें एक सदरा शिवला, तो शिंप्याच्या मजुरीवर घासाघीस करणार नाहीं.

दुसरा कोणी म्हणेल, हें मुलींचें काम. त्यांनीं बाजारपेठेंतील शिंप्यांच्या दुकानांत डोकावावें. तेथें यंत्रावर बसलेले पुष्कळसे पुरुषच दिसतील. मजुरीसाठीं जें काम पुरुषास शोभतें, तें स्वतःसाठीं केल्यानें मुलास कमीपणा कसा येईल?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याच वर्गांत अशीं मुलें आहेत कीं, ज्यांचे आईबाप दूरच्या जिल्ह्यांतून कामासाठीं येथें आले, आणि ज्यांच्या ट्रंकेंत मुळांतच दोन जोड आहेत. त्यांस थोडक्यांत भागविण्याचा उपदेश करणें निर्दयपणाचें होईल. आमचा उपदेश भरलेल्या कपाटांस आहे. त्या मुलांस शिवणकला एक जोड अधिक मिळवून देईल. इतरांस दहा जोड कमी घ्यावयास शिकवील. एकाच सुईनें दोघांचें कल्याण होतें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, येत्या सुटींत मुलांस नवा कपडा न देतां सव्वादोन मीटर सुती कापड द्यावें. कोपऱ्यांत झांकून ठेविलेलें आजीचें यंत्र पुसून तेल घालावें, आणि शिकवावयास आजीसच बसवावें. पहिला सदरा वांकडा होईल. तो वांकडाच घालूं द्यावा. दुसरा सरळ होईल.