हिरव्या टोप्या आणि मऊ खिचडी

परवा एक पत्रिका आली. भाच्याच्या मुलाची मुंज, पुण्याला एका रिसॉर्टवर. खाली बारीक अक्षरात छापलंय, 'थीम : आपलं गाव. कृपया धोतर-नऊवारीत यावे.' वाचलं आणि जुनी जखम उघडी पडली. म्हणून आज हे लिहायला बसलो. थोडं तिखट झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

जखम आहे २०२४ च्या नाताळातली. आमची लेक, जावई आणि दोन नातवंडं डब्लिनहून सोलापूरला आली होती. आल्याच्या तिसऱ्या दिवशी घरात जाहीर झालं, की परत जायच्या आधी सगळ्या गोतावळ्याला एक जेवण द्यायचं. नुसतं जेवण नव्हे, 'आयरिश थीम डिनर'. पानं पस्तीस. सगळ्यात धाकटा पाहुणा पुतण्याचा नातू, अडीच वर्षांचा. सगळ्यात थोरली माझी बहीण आक्का, वय ८६, तोंडात दात एकही नाही.

आमच्या वेळी मराठीच्या पेपरात 'कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा' असा एक प्रश्न हमखास असायचा. पोरं कविता न वाचताच गाईडातली मध्यवर्ती कल्पना पाठ करून यायची. हल्लीच्या थीम पार्ट्या बघितल्या की मला त्या उत्तरपत्रिका आठवतात. कल्पना सुवाच्य अक्षरात, कवितेचा पत्ता नाही!

तर, कार्यक्रमांचं कंत्राट घेणारा एक तरुण घरी आला. मुलगा हुशार, बोलायला गोड. त्यानं मोबाईलवर चित्रं दाखवली. हिरवे फुगे, हिरव्या टोप्या, लाल दाढीचा एक बुटका, प्लॅस्टिकच्या मोहरांनी भरलेला हंडा. जेवणात पालक पुरी, हिरवा ढोकळा, हिरवं सरबत. (आयर्लंड हिरवं, म्हणून सगळं हिरवं. या न्यायानं आपली थीम करायची तर पस्तीस माणसांना पिवळी कढी पाजावी लागेल.) लहान मुलांसाठी वेगळं काउंटर, तिथे फ्रेंच फ्राईज आणि नूडल्स. आणि कोपऱ्यात 'सीनियर सिटिझन कॉर्नर', तिथे मऊ खिचडी, कढी, सूप. "आजी-आजोबांचं आपण साडेसातलाच आटपून घेऊ काका, म्हणजे मग बाकीच्यांना एंजॉय करता येईल."

आटपून घेऊ! लग्नकार्य आटपतात, दहावा-बारावा आटपतात. जेवायला बोलावलेली माणसं कधीपासून आटपायला लागलो आपण?

मी त्या मुलाला दोष देत नाही. तो बाजारात जे खपतं ते विकतो. दोष आपला आहे. आपण जेवणावळीची वयाप्रमाणे फाळणी मान्य करून बसलोय. पूर्वी पंगतीत जातीची उतरंड होती, बायका शेवटी जेवायच्या, ते वाईटच होतं आणि ते गेलं त्याचा मला आनंद आहे. पण ती उतरंड मोडून एक पंगत करायच्या ऐवजी आपण तीन काउंटर केले. पोरांनी तळलेलं खावं, म्हाताऱ्यांनी शिजवून गोळा झालेलं खावं आणि कमावत्या वयाच्या माणसांनी खरं जेवण जेवावं. मग म्हणायचं, पोरांना आजी-आजोबांशी बोलायलाच नको असतं. बोलणार कुठे? दोघांच्या ताटांत वीस फुटांचं अंतर.

मी अकरा वर्षांच्या नातीला विचारलं, "काय गं, तुझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी काय जेवतात?" ती म्हणाली, "आजोबा, बटाटा. उकडून, कुस्करून, भाजून. बटाटा असतोच." तिनं एका शब्दात आयर्लंडचा इतिहास सांगितला, आणि कंत्राटदाराच्या चित्रांत तो एका तुकड्यापुरताही नव्हता. होता तो फ्राईजच्या रूपात, पोरांच्या काउंटरवर.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (मास्तरकी सुटत नाही, क्षमस्व.) आयर्लंडातला गरीब कूळ-मजूर एकोणिसाव्या शतकात जवळजवळ बटाट्यावर आणि ताकावरच जगत होता. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, कारण दुसरं काही नव्हतंच. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. तोच करपा, जो आजही ढगाळ हवा पडली की आपल्या बटाट्याच्या आणि टोमॅटोच्या शेतकऱ्याची झोप उडवतो. पीक जमिनीतच सडलं. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात त्या देशातून धान्य आणि जनावरं इंग्लंडला रवाना होत होती. १८४१ साली त्या बेटावर ८१ लाखांहून जास्त माणसं होती. आजही तितकी नाहीत.

सरकारनं काय केलं? अमेरिकेतून पिवळा मका आणला. तो लोकांना दळता येईना, शिजवता येईना, खाल्ला तर पोट बिघडे. आणि कामं काढली. खडी फोडा, रस्ते करा. त्यातले काही रस्ते कुठेच जात नाहीत, माळावर सुरू होतात आणि माळावरच संपतात.

हे वाचताना सोलापूरच्या माणसाला कोण आठवणार? त्या दुष्काळात इंग्लंडच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन आधी कंपनीची नोकरी करायला हिंदुस्थानात होता, आणि पुढे १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला. १८७६-७७ च्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या गड्याचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. माणसं बदलली, हिशेबाची वही तीच.

पण एवढं मागं जायची गरजच नव्हती. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरातच बसला होता, भिंतीला टेकून, गुडघ्यावर गोधडी घेऊन. आक्का तेव्हा चौतीस वर्षांची. सांगोल्याकडे तिचं सासर, कोरडवाहू जमीन, पदरात तीन लेकरं. मी नुकताच शाळेत लागलो होतो. उन्हात रस्त्याच्या कडेला बायकांच्या रांगा खडी फोडत बसलेल्या, त्यात माझी बहीण, हे मी सायकलवरून जाताना बघितलंय. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर सुकडी. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला त्यामागे ही माणसं आहेत.

आता सांगा, त्या पस्तीस पाहुण्यांत आयर्लंड कुणाला कळलं असतं? डब्लिनला घर घेतलेल्या माझ्या जावयाला? मला, पुस्तकं वाचून? की बाहेरदेशचं न पचणारं धान्य खाऊन खडी फोडलेल्या आक्काला? आणि नेमकी तिलाच आपण साडेसातला कोपऱ्यात खिचडी देऊन आटपणार होतो.

थीमवाल्यांवर माझा राग आहे तो इथे. देश कुठलाही घ्या, ते त्यातून टोपी उचलतात आणि भूक टाकून देतात. आपल्या 'गाव' थीमचंही तेच. कंदील आहे, बैलगाडी आहे, बाजेवर गोधडी आहे, हुरडा भाजणारा मामा आहे. पण त्या मामाचं पीक यंदा आलं का, हे विचारणं मात्र शिष्टाचारात बसत नाही. उद्या डब्लिनमध्ये कुणी भारतीय थीम म्हणून पुंगीवाला आणि गारुडी उभा केला, तर आपणच पहिले ओरडू.

माझं हे सगळं ऐकून लेक वैतागली. म्हणाली, "बाबा, लोक सुट्टीत हसायला येणार आहेत. तुम्ही त्यांना दुष्काळ वाढणार का?"

मुद्दा रास्त होता, आणि मी दोन दिवस गप्प बसलो. खरंच, श्राद्धाचं जेवण कुणाला हवंय? पण मग लक्षात आलं, की गरिबाच्या घरचं सणाचं जेवण दुःखी नसतंच मुळी. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी कुणी रडत खातं का? आयरिश लोकांचंही तसंच. त्यांचा कोलकॅनन नावाचा पदार्थ आहे. उकडलेले बटाटे गरम दुधात घोटायचे, त्यात शिजवलेला कोबी आणि पातीचा कांदा, आणि ताटात वाढल्यावर मध्ये आळं करून त्यात लोणी. आपण भाताला वरणासाठी करतो तसंच आळं! ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांचा पितरांचा सण असतो, तेव्हा यात नाणं, अंगठी लपवतात आणि ज्याच्या वाट्याला येईल त्याचं भाकीत करतात. सोडा ब्रेडला यीस्ट लागत नाही, अंडं लागत नाही. कणीक, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक. ताकाच्या आंबटपणानं सोडा फसफसतो आणि ब्रेड फुगतो. पूर्वी तो झाकणाच्या लोखंडी भांड्यात, वर-खाली निखारे ठेवून भाजायचे. आमची आई नानकटाई अशीच भाजायची.

आणि हे जेवण अडीच वर्षांच्या पोराला चालतं, ८६ वर्षांच्या बोळक्या तोंडाला चालतं, आमच्या शाकाहारी घराला चालतं, मला मधुमेह आहे तो सोडला तर मलाही चालतं. एक हंडा, एकच जेवण. तीन काउंटरची गरजच काय?

इतकं झाल्यावर मी जिंकलो असं वाटत होतं. तेवढ्यात लेकीनं शांतपणे विचारलं, "छान. पण पस्तीस माणसांचे बटाटे सोलणार कोण? आई?" मी निरुत्तर. मग तिनंच सांगितलं, की आयर्लंडात, विशेषतः कॉर्क आणि केरी भागात, ६ जानेवारीला 'बायकांचा नाताळ' असतो. सणभर राबलेल्या बायका त्या दिवशी विसावा घेतात, चूल पुरुषांकडे. "थीम खरी हवी ना बाबा? मग तारीख ही घ्या."

(६ जानेवारी म्हणजे 'दर्पण'चा दिवस. आरसा दाखवायला लेकीनं तारीखही बरोबर निवडली.)

ज्या माणसानं पस्तीस वर्षं पोरांना स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहायला लावले, त्यानं वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा सात किलो बटाटे सोलले. जावई मदतीला होता, तो तिकडे रोजच करतो म्हणे. पुतण्यानं कोबी चिरला, बोटही चिरलं. सौ. दारात खुर्ची टाकून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी "साल जाड निघतेय" एवढंच बोलत होती. आमच्या पहिल्या ब्रेडची वीट झाली, दुसरा जमला. नाणी भाजीत घालायचा बेत मी हाणून पाडला, अडीच वर्षांच्या पोराच्या घशात अडकायचं. ती ताटाखाली ठेवली. शेंगाची चटणी आयरिश नाही हे मला माहीत आहे. तिच्याशिवाय सोलापुरात पान वाढत नाहीत.

रात्री आठला सगळे एकदम बसले. ज्यांना मांडी घालता येते ते खाली, बाकीचे खुर्चीवर, पण एकाच खोलीत, एकाच वेळी. नात आक्काशेजारी बसली आणि शाळेत शिकलेली मक्याची गोष्ट तिला सांगायला लागली. आक्का ऐकत होती. मग म्हणाली, "आमची मिलो बी तसलीच बघ. भाकरी थापायला गेलं की तुटायची. लाल लाल. लेकरं रडायची, नको म्हणायची." नातीनं विचारलं, "मग तू काय करायचीस?" आक्का म्हणाली, "काय करणार? कालवून चारायची. आन् गोष्ट सांगायची."

"कुठली गोष्ट?"

त्यावर आक्कानं जी कुठल्याशा कोल्ह्याची गोष्ट सुरू केली ती मी साठ वर्षांत ऐकली नव्हती. पलीकडचा अडीच वर्षांचा पाहुणा उठून तिच्या मांडीवर जाऊन बसला आणि तिच्या ताटातलं लोणी बोटानं खायला लागला. आक्कानं बटाटा दोनदा मागून घेतला. तिच्या ताटाखाली नाणं निघालं नाही, म्हणून जाताना तिनं माझ्याकडून दहा रुपये वसूल केले.

कंत्राटदाराला दिलेले आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत. त्यानं हिशेब चुकता म्हणून पस्तीस हिरव्या टोप्या पाठवून दिल्या. माळ्यावर आहेत. पुण्याच्या मुंजीला कुणाला धोतरावर घालायच्या असतील तर सांगा.