मृगाआधी तलावात उतरा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावकऱ्यांनो, आणि ही गावं सोडून नागपूर-पुण्यात स्थिरावलेल्या लेकीलेकांनो, मृग तोंडावर आला आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांचे तळ आज उघडे आहेत. आत उतरून काम करता येईल ते आत्ताच. एकदा पाणी चढलं की वर्ष हातचं गेलं.

आज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जा आणि खाली बघा. काठ बेशरमच्या झुडपांनी गिळला आहे. तिची फांदी मोडून फेकली तरी ओल्या चिखलात मुळं धरते. तिच्या गर्दीत देवधान उगवत नाही, पोवन फुलत नाही. या देशी पाणवनस्पती गेल्या की मरळीला अंडी घालायला आडोसा उरत नाही, बदकांना चारा उरत नाही. वरच्या शेतांतला युरिया वाहून येतो, तो शोषून घ्यायलाही कुणी नसतं. मग पाणी हिरवं पडतं, वास मारतं. तेच पाणी तुमची गुरं पितात, त्यातच पोरं डुंबतात.

म्हणून बेशरम कापू नका, मुळासकट उपटा. उपटलेली पाळीपासून लांब नेऊन वाळवा.

हे तलाव कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधले. यंत्र नव्हतं, पण उतार अचूक हेरला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाचा हात पाळीवरून सुटला. गाळ साचत गेला, सांडवे फुटले, काठावरची शेतं दरवर्षी चार हात आत सरकली. कार्तिकात धान भरत असताना एका पाण्यासाठी जीव टांगणीला लागतो, तो उगाच नाही. कोरड्या तलावाच्या गावात मासेमार ढिवराचं जाळं आढ्याला लटकतं आणि घरधनी कामाच्या शोधात बाहेर पडतो.

गाळ काढाच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा लाभ घ्या, तो सुपीक गाळ आपल्या बांधीत टाका. पण जेसीबीवाल्याला मोकळं सोडू नका! सगळा तळ सरसकट उभा खोदला की मागे उरतो तो खड्डा. पाणी साठेल, जीव नांदणार नाही. काठाचा सपाट, उथळ उतार राखा. देवधान तिथेच रुजतं, पाणपक्षी तिथेच चरतात. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदियाच्या आसपासच उरला आहे, तोही मोजकाच. त्याला उथळ पाणी आणि धानाची बांधी, दोन्ही लागतात.

हे होणारं काम आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना सोबत घेऊन ते करून दाखवलं आहे. उन्हाळ्यात बेशरम काढायची, तळाचा काही भाग नांगरायचा, पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत जगते हे तुमच्या गावच्या ढिवर बायांना विचारा. इंजिनिअरला ते ठाऊक नसतं (आणि तो विचारतही नाही).

मासेमार संस्थेला सांगा, ग्रासकार्पचं बीज सोडू नका. लावलेली वनस्पती तो फस्त करतो. काठावर धान पिकवणाऱ्यांनो, फवारणीचे रिकामे डबे पाण्यात बुडवू नका. ग्रामसभेत तलावाची मोजणी मागा, अतिक्रमणाचा विषय लेखी घ्या. गावाच्या सामाईक तलावांवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच राज्यांना बजावलं आहे. शेजाऱ्याशी वाईटपणा येईल म्हणून गप्प बसू नका. त्याच्याही विहिरीचं पाणी याच तलावातून झिरपतं, हे त्याला बसून समजावा.

शहरात असाल तर जेसीबीच्या एका दिवसाच्या डिझेलचे पैसे पाठवा, जमलं तर सुट्टी काढून या. गावात असाल तर उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत कुदळ घेऊन पाळीवर या. येताना शेजारच्या दोन घरांना हाक मारा.