कार्ब्युरेटरला हसणाऱ्यांसाठी

नॅसकारचा विषय निघाला की आमच्या भाच्याचं वाक्य ठरलेलं: "मामा, ती बैलगाडी आहे, नुसतं इंजिन लावलंय!" ब्लॉगवरच्या दोस्तांचा सूरही फार वेगळा नाही. फॉर्म्युला वन म्हणजे तंत्रज्ञान, आणि अमेरिकन स्टॉक कार म्हणजे गोल गोल फिरणारे पत्र्याचे डबे. मला हे साफ नामंजूर आहे.

आरोप खोटे नाहीत. नॅसकारच्या मुख्य मालिकेत फ्युएल इंजेक्शन यायला २०१२ उजाडलं, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळायला २०२२. शिशाचं पेट्रोल तर २००७ मध्ये सुटलं. त्याची वकिली मीही करणार नाही. तिकडे फॉर्म्युला वनने २०१४ मध्येच १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड इंजिन आणलं. ब्रेक लावताना आणि एक्झॉस्टमधून वाया जाणारी ऊर्जा ते परत कामाला लावायचं.

पण जुनं म्हणजे सोपं, हे कोणी सांगितलं? पुशरॉडचं जुन्या धाटणीचं व्ही-८ इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत पळवायचं आणि डेटोनाला ८०० किलोमीटर टिकवायचं. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरला संपते!

आणि मुळात प्रश्नच वेगळे आहेत हो. १९८७ मध्ये टॅलाडेगाला टायर फुटून बॉबी ॲलिसनची गाडी उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. म्हणजे इथे वेग वाढवणं हे कोडं नव्हतंच. गाडी जमिनीवर ठेवणं हे कोडं होतं. १९८८ पासून अशा ट्रॅकवर इंजिनाची हवा कमी करणारी प्लेट आली. १९९४ मध्ये टपावर झडपा आल्या. गाडी उलटी फिरली की टपावरचा हवेचा दाब घटतो, आणि तो घटलेला दाबच झडपा उघडतो. मोटर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. याला तंत्रज्ञान नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

डेल अर्नहार्टच्या मृत्यूनंतर, २००१ मध्येच, नॅसकारने डोकं आणि मान सावरणारं उपकरण सक्तीचं केलं. उशीरच तो, पण फॉर्म्युला वनमध्ये ती सक्ती २००३ मध्ये आली.

तंत्रज्ञान किती नवं, किती महाग, यावर ते जोखायचं नसतं. समोरचा प्रश्न त्याने सोडवला का, एवढंच बघायचं.

असो. भाचेबुवा, कॉमेंटची वाट बघतोय. बैलगाडीचा मुद्दा सोडून काही असेल तर लिही!