कोटात माया सोडणारे हात

गेल्या पावसाळ्यात घराची डागडुजी करताना माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला, त्यांच्या लग्नातला कोट होता. करडा, दोन रांगा बटणांचा, रुंद लॅपलचा. ओटीवरच्या फोटोत आजोबा हाच कोट घालून उभे आहेत. माझ्या चुलतभावाचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. त्याने कोट अंगाला लावून पाहिला. छातीत होईना, बाह्याही आखूड. पण त्याचं मन तिथेच अडकलं. म्हणाला, "मला अस्साच हवा."

शिवणार कोण?

वसई-विरारमध्ये आम्ही चार दुकानं पालथी घातली. एकाने भाड्याचे सूट दाखवले. दुसऱ्याने तयार ब्लेझर काढला आणि हातोहात बाह्या कमी करून देतो म्हणाला. तिसऱ्याने फोटो नीट पाहिला, कौतुकही केलं, पण असं काम करणारा त्यांचा कारागीर गावी गेला होता तो परतलाच नव्हता. शेवटी आपल्याच नंदाखाल गावातल्या एका वयस्कर मास्तरांकडे गेलो. इतकी वर्षं ज्यांच्याकडे आपण शाळेच्या हाफपँटी आणि पडद्यांची शिलाई देत आलो, तेच हे मास्तर. त्यांनी कोट हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला.

टेबलावर कोट उताणा पसरून त्यांनी ब्लेडच्या टोकाने अस्तराची तुरपाई वीतभर उसवली आणि मला आत बघायला लावलं. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये खरखरीत तपकिरी कॅनव्हासचा थर होता. छातीशी आणखी एक थर, घोड्याच्या केसांचा. लॅपलच्या पोटात बारीक, तिरप्या टाक्यांच्या रांगाच रांगा, शेकड्यांनी. बाहेरून त्यातला एकही टाका दिसत नव्हता. "लॅपल अशी वळते ती या टाक्यांनी," मास्तर म्हणाले. "नुसत्या इस्त्रीने नाही वळत."

मग त्यांनी दोन्ही खांदे चिमटीत धरून दाबून पाहिले.

"आजोबा काय करायचे?"

"वाडी होती. पानवेली, केळी. कावडीने पाणी घालायचे."

"तरीच. उजव्या खांद्यात एक थर जास्त भरलाय. खांदा उतरलेला असणार त्यांचा."

घरी येऊन मी फोटो पुन्हा पाहिला. आजोबांचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. लहानपणापासून पाणी वाहून एका बाजूने झुकलेला तो तरुण वेदीसमोर ताठ उभा राहावा, म्हणून कुणा शिंप्याने मापाच्या वहीत एक खूण केली होती आणि कापसाचा एक थर वाढवला होता. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. कोटाला ठाऊक होती.

हेच आपल्या हातून निसटत चाललं आहे. सूट कुठे जात नाहीत. दुकानं सुटांनी भरलेली आहेत. जातोय तो माणसाच्या अंगाकडे बघून कापड कापणारा हात.

तयार कोटात बहुतेक वेळा कॅनव्हास नसतो. कापडाच्या पाठीला फ्युजिंग, म्हणजे डिंक लावलेलं कापड, गरम दाबाने चिकटवलेलं असतं. काम पटकन होतं, स्वस्तात होतं, पहिल्या दिवशी दिसतंही छान. पण आपली हवा दमट. वारंवार ड्रायक्लीनिंग झालं की तो डिंक सुटू शकतो आणि छातीवर बुडबुडे येतात. असा कोट मग दुरुस्तही होत नाही. टाक्यांनी बांधलेला कोट उसवता येतो, सैल करता येतो, पुन्हा बांधता येतो.

आणि त्यात माया असते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला आपल्या शिंप्यांच्या बोलीत माया म्हणतात. कोटाच्या बाजूंना आणि पाठीच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया सोडलेली असायची. उद्या माणूस अंगाने भरेल, कोट भावाला किंवा मुलाला जाईल, हे शिवतानाच गृहीत धरलेलं असायचं. कारखान्यात हजार कोटांचं कापड एकदम कापताना अशी इंचाइंचाची माया कोण सोडणार?

कुणी म्हणेल, सूट तर साहेबाचा. तो कशाला जपायचा? आपण लुगडं जपू, आपली कादोडी बोली जपू. ते तर जपूच. आपल्या समाजाच्या कुपारी महोत्सवात आपल्या पोरी लाल लुगडं नेसून उभ्या राहतात तेव्हा ऊर भरून येतो. लुगडं वाचलं, कारण नेसवायला येणाऱ्या आज्या होत्या आणि त्यांना विचारणाऱ्या नाती होत्या. पुरुषांच्या कोटाबद्दल मात्र आपण कुणाला काही विचारलंच नाही. तो परका समजून पेटीत टाकला.

पण तो खरंच परका आहे का? शिंप्याच्या टेबलावरचे शब्द ऐका. काज, इस्त्री, फीत. हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं वसईवर त्यांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, सत्ता गेली, शब्द राहिले, कारण ते आपल्या हातांत मुरले होते. आज अख्खा महाराष्ट्र काज-बटण म्हणतो आणि त्यात काही परकं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. कापडाचंही तेच. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ सालापासून ठाण्याला होती, खाडीपलीकडे. आपल्या वाडवडिलांच्या सुटांचं कापड काही सगळं विलायतेहून येत नव्हतं.

आणि सुटाचा मान काय असतो, हे महाराष्ट्राला बाबासाहेबांनी दाखवलं. ज्यांना अंगभर कपडा घालायची मुभा नव्हती, त्यांच्यातला एक माणूस तीन भागांचा सूट घालून उभा राहिला आणि त्या कोटाचा अर्थच बदलला. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कोट आजही जपून ठेवले आहेत. कापड विरतं, कसर लागते, म्हणून तिथे त्या वस्तूंवर शास्त्रीय पद्धतीने जतनाचं काम करावं लागलं. आपल्या आजोबांच्या कोटासाठी कुणी संग्रहालय बांधणार नाही. ते काम आपल्याच घरात व्हायचं.

जुन्या धाटणीचा कोट नव्याने उभा करणं ही नक्कल नव्हे. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी 'गांधी' चित्रपटासाठी जुन्या काळाचे कपडे नव्याने घडवले, जॉन मोलो यांच्यासोबत, आणि १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. अशा कामात काळ वाचावा लागतो. लॅपल किती रुंद, कंबर किती वर, पँटची मोहरी दुमडलेली की सरळ, यावरून दशक कळतं. १९४२ साली युद्धामुळे कापड वाचवायचं म्हणून ब्रिटनमध्ये दुमडलेल्या मोहरीवर आणि डबल ब्रेस्टेड कोटावर सरकारने बंदी घातली होती. एक मोहरी एवढा इतिहास सांगते. आपल्याकडचे सत्तरच्या दशकातले बेलबॉटम आठवा, फोटोवर तारीख लिहायची गरज पडत नाही.

आमच्या मास्तरांना हे वाचायला येतं. त्यांनी आजोबांचा कोट खाकी कागदावर ठेवून त्याचा खाका काढला, भावाची मापं वेगळी घेतली आणि दोन्ही समोर ठेवून तिसरा खाका आखला. मग कच्च्या टाक्यांवर पहिली ट्रायल, एक बाही लावून. मुंढा किंचित खाली होता, तो उसवून पुन्हा बसवला. आठवड्याने दुसरी ट्रायल. भावाने जानेवारीत तो कोट घातला आणि मंडपातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला आजोबांच्या नावाने हाक मारली. पैसे किती गेले? भाड्याच्या सुटाच्या चौपट. पण भाड्याचा सूट सोमवारी परत जातो.

तर आता आपण काय करायचं?

आधी पेट्या उघडूया. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गास, कुठल्याही घरात माळ्यावर एक तरी कोट किंवा निदान लग्नाचा एक फोटो असेलच. कोट सापडला तर लगेच धुवायला टाकू नका आणि भांडीवालीलाही देऊ नका. सावलीत वारा द्या, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, सुती कापडाने झाका. आणि उसवायचा नाही. आधी मास्तरांना दाखवा.

मग घरातल्या पुढच्या लग्नाला एक कोट, फक्त एक, आपल्या शिंप्याकडून शिवून घेऊया. सगळ्या वऱ्हाडाला नको, नवऱ्यामुलाला पुरे. फोटो मोबाइलवर दाखवण्यापेक्षा मोठा छापून न्या. कॅनव्हासचा कोट हवा, फ्युजिंगचा नको, हे आधीच स्पष्ट सांगा आणि त्याचे पैसे द्या. दोन भागांच्या सुटाला साधारण तीन-सव्वातीन मीटर कापड लागतं, वेस्टकोट हवा असेल तर आणखी अर्धा-पाऊण मीटर. जुनं कापड जाड असायचं. मे महिन्याचं लग्न असेल तर हलकी लोकर किंवा लिनन घ्या, धाटणी जुनीच राहील. आणि शिलाईत मायेचं कापड सोडायला सांगा. विसरू नका.

वेळेचं मात्र खरंच मनावर घ्यायला हवं. आपण सगळे नाताळच्या तोंडावर आणि ईस्टरनंतर एकदम दुकानात शिरतो. "पंधरा दिवसांत पाहिजे" म्हणतो. हाताने बांधलेला कोट पंधरा दिवसांत होत नाही. लंडनच्या सॅव्हिल रोवर एका सुटाला पन्नास तासांहून जास्त हातकाम लागतं असं सांगतात, आणि आपल्या मास्तरांना काही जास्तीचे हात नाहीत. उलट पावसाळ्यात आणि उपवासकाळात लग्नं नसतात, तेव्हा त्यांचं यंत्र झाकलेलं असतं. जानेवारीचं लग्न असेल तर कोट जुलैत टाकूया. आपल्याला चांगला कोट मिळेल, त्यांना रिकाम्या महिन्यांत काम मिळेल. असं दहा घरांनी ठरवलं तर एक दुकान वर्षभर तग धरू शकतं.

जे लिहिण्या-वाचण्यात तरबेज आहेत त्यांनी आणखी एक करावं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात शिंपीही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. अर्ज ऑनलाइन असतो आणि तिथेच मास्तरांसारखी माणसं अडतात. मास्तर अटींत बसतात का, कागद कुठले लागतात, हे आपल्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराने तासभर बसून पाहिलं तरी खूप.

आपल्या धर्मग्रामाच्या सणाला, पवित्र आत्म्याच्या सणाला, चर्चच्या आवारात जुन्या लग्नांचे फोटो आणि कोट मांडता येतील. मांडणीशेजारी मास्तरांना बसवूया, हातात सुई देऊन. मुलांना लॅपलचा एक टाका घालून बघू दे. वसईच्या माणसाला एकत्र यायला शिकवावं लागत नाही. हिरवी वसई वाचवायला आपण रस्त्यावर उतरलो, तेव्हा पुढे होते ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. त्यांनी माती आणि भाषा या दोन्हींसाठी आपल्याला हाक दिली आणि आपण ओ दिली. एका शिंप्याच्या दुकानासाठी एवढं मोठं आंदोलन लागणार नाही. थोडं आधी ठरवणं आणि थोडे जास्त पैसे, एवढ्यावर भागेल.

मास्तरांची खरी काळजी मात्र पैशाची नाही. त्यांच्यानंतर त्या टेबलाशी कोण उभं राहील, ही आहे. लग्नाच्या धावपळीत माझ्या चुलतबहिणीची मुलगी ट्रायलला सोबत आली होती. तिने विचारलं, "मी शिकू का?" आता ती दर शनिवारी शाळा सुटली की दुकानात जाते. सध्या काजं करते. कापलेल्या कडेवर रेशमी दोऱ्याची गाठ एकसारखी बसवत न्यायची, एकही सैल नाही. पहिली तीन मास्तरांनी उसवायला लावली. चौथं ठेवलं.

तिला सरावासाठी जुने कोट हवे आहेत. फाटलेले, कसर लागलेले, कुणाच्याच मापाचे नसलेले. तुमच्या माळ्यावर असा एखादा असेल तर शनिवारी संध्याकाळी मास्तरांच्या दुकानात घेऊन या.