सरासरीने चूल पेटत नाही

मागच्या आठवड्यात रोह्याहून पेणला येताना गाडीत आपल्या वस्तीतील एक तरुण भेटला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तो ठेकेदारीवर कामाला आहे. म्हणाला, "काका, ठेकेदार सांगतो, आमच्याकडे सरासरी पगार वीस हजार. मग माझ्या हातात अकराच का?"

आम्ही वही काढली. त्याच्या कामावर माणसे पाच. चौघांचे पगार ९, १०, ११ आणि १२ हजार. पाचवे देखरेखीचे साहेब, त्यांना ५८ हजार. बेरीज एक लाख. भागिले पाच, म्हणजे वीस हजार. ठेकेदाराचा हिशेब चुकीचा नव्हता. पण वीस हजार रुपये पाचांपैकी एकालाही मिळत नव्हते!

अशा वेळी दुसरा आकडा मागावा. सगळ्या रकमा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा आणि बरोबर मधली घ्या. ती आली ११ हजार. शाळेच्या पुस्तकात तिला मध्यक म्हणतात. साहेबांचा पगार उद्या दुप्पट झाला तरी मध्यक जागचा हलणार नाही. सरासरी मात्र लगेच फुगेल.

पेणला उतरल्यावर आमच्या मनात दुसरा हिशेब आला. इथे गणपतीच्या कारखान्यांत हंगामी काम करणारी घरे आहेत. समजा, एका घरात बारा महिने नियमित १२ हजार येतात. शेजारच्या घरात हंगामाचे चार महिने २४ हजार आणि उरलेले आठ महिने ६ हजार येतात. दोघांचीही वर्षाची कमाई १ लाख ४४ हजार, महिन्याची सरासरी १२ हजार. कागदावर दोन्ही घरे सारखी. पण महिन्याचा खर्च १० हजार असेल, तर दुसऱ्या घराला आठ महिने चार-चार हजार कमी पडतात. तिथूनच उसनवारी सुरू होते, आणि व्याज काही सरासरीने लागत नाही.

हा फरक दाखवण्यासाठी पसारा मोजावा लागतो. सोपी रीत म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा करणे. पहिल्या घरी शून्य, दुसऱ्या घरी १८ हजार. अधिक नेमकी रीत अशी : प्रत्येक महिना सरासरीपासून किती दूर ते पाहा. चार महिने १२ हजारांनी वर, आठ महिने ६ हजारांनी खाली. वर-खाली न पाहता सगळी अंतरे मिळवली तर ९६ हजार. भागिले बारा, म्हणजे ८ हजार. अधिक-उणे तसेच ठेवले असते तर बेरीज शून्य आली असती आणि पसारा लपला असता.

या हिशेबातच उपाय आहे. हंगामाच्या प्रत्येक महिन्यात १२ हजार बाजूला टाकले, तर ४८ हजार साठतात. मग पुढच्या आठ महिन्यांत दरमहा सहा हजारांची भर घालता येते. आपल्या भगिनींचे बचत गट हेच काम करतात.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, तिच्यावर लागणारे श्रम आणि भांडवलही पाहावे लागते, असे त्यांनी मांडले. एकाच आकड्यावर विसंबू नये, हाच त्यातला धडा. पुढे १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोताची आणि कुळांची जमीन एकत्र करून सरासरी काढली असती, तर त्या गावात कुणीच भूमिहीन दिसले नसते!

तेव्हा कुणी सरासरी सांगितली की दोन प्रश्न विचारा : मधल्या माणसाला किती मिळते? आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा यांत अंतर किती? येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्या दहावीच्या मुलामुलींना विहारात घराचा वर्षाचा हिशेब मांडायला बसवा. गणितही पक्के होईल आणि घरही सावरेल.

जय भीम!