पाडण्याआधी एक फोटो काढा



आज पिकापाण्याचे बोलणे जरा बाजूला ठेवतो. मागच्या महिन्यात वर्ध्याहून भंडाऱ्याला लग्नासाठी गाडीने निघालो होतो. वाटेत नागपूरला मुक्काम केला. सकाळी तीन तास मोकळे मिळाले, म्हणून मोबाइल घेऊन महाल आणि इतवारी भागात पायी हिंडलो, फोटो काढले.

आपण नागपूरला जातो ते कळमन्याच्या बाजारात माल घेऊन, नाही तर दवाखान्याच्या कामाला. जुने शहर पाहायचे राहूनच जाते. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवले. पुढे भोसल्यांनी येथे राज्य केले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही वस्त्यांची नावे ऐकली की आपले आठवडी बाजारच आठवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते ती याच जुन्या भागातून.

भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा मोठा वाडा महालात होता. १८६४ साली तो आगीत जळाला. आज काही जुने वाडे उभे आहेत, काहींच्या जागी दुकानांचे गाळे आले आहेत. एका पडक्या वाड्याचा दरवाजा मी टिपत होतो, तेव्हा ओट्यावर बसलेले आजोबा म्हणाले, "काढून घ्या जी साहेब. पुढच्या वर्षी आलात तर हे दिसणार नाही."

ते शब्द मनाला लागले. आमचे गावचे घर १९९६ साली वाटणीत पाडले. सागवानी खांब लाकडाच्या भावात गेले. घराचा एकही फोटो नाही. माजघरात देवाचा कोनाडा कोणत्या भिंतीला होता, यावर आम्हा भावंडांचे आज एकमत होत नाही. सांगणारी आई आता नाही.

जुने घर पाडूच नका, असे मी म्हणणार नाही. गळक्या छपराखाली कोणी राहावे? पण पाडण्याआधी एक सकाळ काढा. कोवळ्या उन्हात दर्शनी बाजूचा फोटो घ्या. मग दरवाजा, खांब, चूल, जाते, धान्याचे बळद, गोठा, एकेक टिपा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ओट्यावर बसवून एक फोटो घ्या. घर कोणी बांधले, लाकूड कोठून आणले, हे त्यांना विचारून वहीत लिहा. मोडकळीस आलेल्या भिंतीखाली मात्र जाऊ नका, आणि दुसऱ्याच्या घराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

मोबाइल आज आहे, उद्या बिघडेल. म्हणून चार-पाच फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे नावे व साल लिहा. माती परीक्षणाच्या पिशवीत चिठ्ठी घातली नाही तर ती कोणत्या शेताची हे कळत नाही. फोटोचेही तसेच आहे.

पेरणीची धांदल सुरू होण्याआधी एवढे काम उरकून घ्या. पुढच्या वेळी पुन्हा शेतात भेटू.